जुना छोटा ट्रॅक्टर आणि भाजीपाल्याचं काळं रान: वाचकांचे प्रश्न

सोयाबीन निघालं की भाजीपाल्यासाठी रान करायची घाई सुरू होते आणि शेडमध्ये उभी असलेली जुनी यंत्रं बाहेर येतात. या अंकासाठी आलेल्या पत्रांत 15 ते 25 अश्वशक्तीचे जुने ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर यांचेच प्रश्न जास्त होते. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न (सेलू, जि. परभणी): माझ्याकडं 18 अश्वशक्तीचा जुना छोटा ट्रॅक्टर, 3 फुटी रोटाव्हेटर आणि 5 फणांची पंजी आहे. सोयाबीनच्या 10 गुंठ्यांत टोमॅटो, वांगी आणि थोडी मेथी-कोथिंबीर करायची आहे. गेल्या साली थेट रोटाव्हेटर मारला. अर्ध्या रानात मोठमोठी ढेकळं निघाली आणि उरलेल्या अर्ध्यात मेथी उगवलीच नाही. ट्रॅक्टर कमी पडतो का?

उत्तर: ट्रॅक्टर पुरेसा आहे, चूक वेळेत झाली. काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण जास्त. ओली असताना फण किंवा पातं गेलं की ती लिंपल्यासारखी दाबली जाते आणि वाळल्यावर त्याचीच दगडासारखी ढेकळं होतात. पार वाळल्यावर मारलं तर पातं आत शिरत नाही, वरच्या वर उड्या मारतं. मधले जे थोडे दिवस मिळतात तोच वाफसा, आणि छोट्या ट्रॅक्टरला तो मोठ्यापेक्षा जास्त पाळावा लागतो, कारण चूक झाल्यावर जोर लावून निभावून न्यायला त्याच्याकडं ताकद शिल्लक नसते.

वाफसा वरून बघू नका. वर पांढरट दिसणारं रान खाली चिखल असू शकतं. 4 ते 5 इंच खोलीवरची माती मुठीत दाबून गोळा करा आणि कंबरेच्या उंचीवरून टाका. गोळा फुटून विखुरला तर औत घाला. चपटा होऊन बसला तर अजून दोन दिवस थांबा. गोळाच वळत नसेल तर रान वाळलं आहे. तुषार संच 3-4 तास चालवा आणि 4-5 दिवसांनी पुन्हा बघा. मोकाट पाणी देऊ नका. सखल भागात ते जास्त मुरतं आणि मग एकाच तुकड्यात निम्मा वाफसा, निम्मा चिखल. तुमच्या रानात बहुधा हेच झालं असावं.

आता क्रम. आधी पंजी. पाचही फण एकदम नकोत. पहिल्या पाळीला कडेचे दोन काढून तीन फणांवर 5 इंच खोल चाला, दुसरी पाळी आडवी, पाचही फण लावून. धसकटं वर येतील ती वेचून काढा. मग शेणखत. भाजीपाल्याला हेक्टरी 20 ते 25 टन धरतात, म्हणजे 10 गुंठ्यांना 2 ते अडीच टन, साधारण एक ट्रॉली. खत पूर्ण कुजलेलं हवं. अर्धकच्चं घातलं तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तणाचं बी दोन्ही रानात जातं. ते सारखं पसरून त्यावर रोटाव्हेटरची एकच पाळी, 4 इंच खोल, लो गिअरमध्ये. रोटाव्हेटर माती मोकळी करायला नाही, मोकळी झालेली बारीक करायला आणि खत मिसळायला आहे. नांगराचं काम त्याच्याकडून करून घ्यायची सवय आपल्याकडं फार बोकाळली आहे.

ताशी 2 किलोमीटर वेगानं 3 फुटी रोटाव्हेटर वळणं धरून तासाला 12 गुंठे तरी करतो. म्हणजे तुमचं काम तासाच्या आत होतं. त्याहून फार लवकर संपलं तर वेग जास्त आहे असं समजा. वेग वाढला की पात्याचा प्रत्येक घास मोठा होतो आणि ढेकळं राहतात.

मेथी का उगवली नाही? दोन-तीन पाळ्या मारून माती पिठासारखी केली की पहिल्याच पाण्यानंतर तिच्यावर खपली धरते आणि बारीक कोंब ती फोडू शकत नाही. टोमॅटो-वांग्याची रोपं लावायची असतील तिथं लिंबाएवढी ढेकळं राहिली तरी काही बिघडत नाही, उलट हवा खेळते. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात वरचे दोन इंच तेवढे दाताळ्यानं बारीक करा, आणि उगवेपर्यंत पाणी हलकं पण वरचेवर द्या.

प्रश्न (औसा, जि. लातूर): तीन वर्षांपासून दर हंगामाला रोटाव्हेटर मारतो. लव्हाळा आणि हरळी कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चालली. शिवाय पाऊस झाला की पाणी साचतं, पूर्वी साचत नव्हतं.

उत्तर: दोन्हींचं मूळ एकच. हरळीच्या कांडीला जिथं गाठ आहे तिथून ती फुटते. लव्हाळ्याच्या गाठी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि साखळीतल्या वरच्या गाठी बाकीच्यांना दाबून ठेवतात. रोटाव्हेटरनं तुकडे केले की प्रत्येक तुकडा स्वतंत्र झाड होतो. तुम्ही दर हंगामाला त्याची लागवडच करत आहात.

एप्रिलमध्ये हे रान भाड्याच्या 45-50 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरनं 9-10 इंच नांगरून घ्या. हे काम 18-20 अश्वशक्तीच्या यंत्राला लावू नका. वाळल्या काळ्या रानात ते क्लच प्लेट खाईल, पण फाळ जाणार नाही. नांगरटीची ढेकळं फोडायची नाहीत. उन्हात गाठी आणि कांड्या वाळल्या पाहिजेत, त्यासाठी ढेकळं उघडी असलेलीच बरी. पंधरा-वीस दिवसांनी तुमच्या छोट्या ट्रॅक्टरला पंजी लावून उलट-सुलट ओढा, वर आलेली हरळी वेचून बांधाबाहेर टाका, पुन्हा उन्हात सोडा. ढेकळांची काळजी करू नका. उन्हाळ्यात तापून पहिल्या पावसात भिजली की काळ्या मातीची ढेकळं आपोआप विरघळतात. ऑक्टोबरात ही सवलत मिळत नाही. लव्हाळा एका उन्हाळ्यात जात नाही, दोन तरी धरा.

पाणी साचतंय ते तळ घट्ट झाल्यामुळं. रोटाव्हेटरची पाती दर वेळी त्याच 4-5 इंचांवर फिरतात आणि खालचा थर चोपला जातो. खात्री करायची तर पावसानंतर ओल असताना 10 मिलिमीटरची सळई हातानं दाबत न्या. 5-6 इंचांवर एकदम अडली आणि जोर लावल्यावर पुढं सहज गेली, तर तोच थर. वर सांगितलेली एप्रिलची नांगरट तो फोडेल. त्यानंतर दोन वर्षं शक्य तिथं पंजी आणि वखरावर भागवा.

प्रश्न (गंगापूर, जि. छत्रपती संभाजीनगर): जुना 25 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतला. रोटाव्हेटर चालू असताना बांधाजवळ क्लच दाबला तरी ट्रॅक्टर पुढं सरकतो. एकदा कुंपणात गेला. मेकॅनिक म्हणतो क्लच ठीक आहे.

उत्तर: मेकॅनिक बरोबर सांगतो. जुन्या बऱ्याच ट्रॅक्टरांना एकच क्लच असतो. तो दाबला की इंजिन सुटतं, पण चाकं आणि पीटीओ (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा) गिअरबॉक्समधून एकमेकांना जोडलेलेच राहतात. फिरत्या रोटाव्हेटरचा वेग मग उलट दिशेनं गिअरबॉक्समध्ये येतो आणि चाकं ढकलतो. त्यात रोटाव्हेटरची पाती मुळातच ट्रॅक्टरला पुढं लोटतात.

पीटीओच्या दांड्यावर एकाच दिशेनं जोर देणारं कपलिंग मिळतं. ते बसवलं की इंजिनाचा जोर रोटाव्हेटरला जातो, रोटाव्हेटरचा परत येत नाही. त्यानं दांड्याची लांबी 3-4 इंच वाढते, म्हणून आतला आणि बाहेरचा पाइप दोन्ही सारखे कापावे लागतात. हे कापणं नीट झालं पाहिजे. रोटाव्हेटर वर-खाली करून दांडा सर्वांत आखूड कुठं होतो ते बघा आणि तिथंही एक इंच जागा शिल्लक ठेवा. ती न ठेवल्यामुळं दांडा ठेकतो आणि पीटीओचं बेअरिंग फुटतं. मग सगळे ट्रॅक्टरला नावं ठेवतात. दुसऱ्या टोकाला, सर्वांत लांब असताना, दोन्ही पाइप एकमेकांत किमान एक तृतीयांश राहिले पाहिजेत.

कपलिंग बसेपर्यंत बांधाच्या 10-12 फूट आधीच इंजिनाचा वेग उतरवा आणि क्लच व ब्रेक बरोबर दाबा. रोटाव्हेटर उचलून वळताना पीटीओ बंद ठेवा, कारण उचललेल्या स्थितीत दांड्याचा कोन वाढतो आणि त्याच्या सांध्यातला क्रॉस खडखडून तुटतो. दांड्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण नसेल तर आधी तेच आणा. धोतर, लुगडं, गमछा, काहीही त्यात गुंडाळलं जाऊ शकतं.

प्रश्न (भोकरदन, जि. जालना): रोटाव्हेटरच्या एका बाजूनं ऑइल गळतं. सील दोनदा बदललं.

उत्तर: त्या रानात आधी मल्चिंगवर मिरची होती का? असेल तर सील तिसऱ्यांदा बदलण्याआधी रोटरचं, म्हणजे पाती बसवलेल्या दांड्याचं, टोक सोडून बघा. मल्चिंग पेपरच्या पट्ट्या, ठिबकच्या नळीचे तुकडे, झाडं बांधायची सुतळी आणि तार रोटरभोवती गुंडाळत कडेला सरकतात आणि सीलच्या ओठाखाली शिरतात. रबर कापलं जातं, ऑइल गळतं, आणि त्याच वाटेनं माती आत जाऊन बेअरिंग खाते. बेअरिंग ढिलं झालं की नवं सीलसुद्धा टिकत नाही. रोटर हातानं वर-खाली हलवून बघा. खेळ जाणवला तर आधी बेअरिंग बदला. रान करण्याआधी पेपर, नळ्या, तारा सगळं गोळा करा आणि दर तासाला यंत्र बंद करून रोटर साफ करा.

सगळं उघडलंच आहे तर पात्यांचे नट तपासा. नव्या पात्यांचे नट पहिल्या तासाभरानंतर पुन्हा आवळावे लागतात. डावी-उजवी पाती रोटरवर मळसूत्रासारख्या क्रमानं असतात. एखादं उलटं बसलं तरी सगळं यंत्र हादरतं. गिअरबॉक्सला 90 नंबरचं ऑइल, पातळीच्या बोल्टपर्यंतच.

प्रश्न (केज, जि. बीड): बालाघाटच्या उतारावर मुरमाड पट्टी आहे. जुना 12 अश्वशक्तीचा पॉवर टिलर घेतलाय. खाली उतरताना उजवा क्लच दाबला की तो डावीकडं पळतो!

उत्तर: यंत्र बिघडलेलं नाही. सपाटीवर उजवीकडचा क्लच दाबला की उजव्या चाकाचा जोर तुटतो, डावं चाक पुढं जातं आणि टिलर उजवीकडं वळतो. उतारावर मात्र चाकांना इंजिन धरून ठेवत असतं. उजवा क्लच दाबला की ते चाक मोकळं सुटतं, जास्त पळतं आणि टिलर डावीकडं फिरतो. म्हणून उतारावर खाली जाताना साइड क्लचना हात लावू नका. दांड्यांनीच हळू वळवा. गिअर खालचा ठेवा, न्यूट्रल कधीही नाही. काम शक्यतो उताराला आडवं करा, माती वाहून जाणंही त्यानं कमी होतं.

याहून मोठा धोका रिव्हर्सचा. रोटरी फिरत असताना रिव्हर्स टाकला तर यंत्र चालवणाऱ्याच्या पायावर येतं. मागं घ्यायचं असेल तर रोटरी आधी बंद.

मुरमाड जमिनीत टिलर उड्या मारत असेल तर मागच्या चाकानं खोली 2-3 इंचांवर आणा आणि दुसऱ्या पाळीत वाढवा. पट्टे अंगठ्यानं दाबल्यावर इंचभर दबले तर ठीक. त्याहून सैल असतील तर घसरून जळतात, फार ताठ केले तर बेअरिंगवर भार येतो. एक पट्टा तुटला तरी सगळे एकदम बदला, कारण जुना ताणलेला आणि नवा ताठ असले की सगळा भार नव्यावर पडतो.

प्रश्न (कळंब, जि. धाराशिव): चार महिने उभा होता. सेल्फ जोरात फिरतो, पण ट्रॅक्टर घेत नाही. धूरसुद्धा येत नाही.

उत्तर: धूर नाही म्हणजे डिझेल नोझलपर्यंत पोचत नाही. बहुतेक हवा धरली आहे. टाकीत निम्म्याच्या वर डिझेल घ्या, कॉक उघडा. फिल्टरच्या खालचा बोल्ट काढून गाळ आणि पाणी जाऊ द्या. जुन्या टाकीत पाणी निघतंच. मग फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू दोन आटे सैल करून हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग अखंड धार. धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. हेच इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूला. शेवटी नोझलला जाणाऱ्या नळीचा नट एक आटा सैल करून सेल्फ मारा आणि डिझेलचे फवारे दिसले की आवळा. तिथं बोट लावून बघू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत जातं.

एवढं करूनही दुसऱ्या दिवशी तीच तऱ्हा झाली तर हवा कुठून तरी आत येते आहे. तांब्याचे वॉशर आणि रबरी नळ्या बदला, दोन्ही स्वस्त आहेत. ज्या इंजिनाला हीटर प्लग आहेत त्याला थंडीत 15-20 सेकंद तापवून मगच सेल्फ.

प्रश्न (अंबड, जि. जालना): टोमॅटोच्या ओळीत छोटा ट्रॅक्टर घालून तण काढता येतं का?

उत्तर: येतं, पण ते लागवडीच्या दिवशी ठरतं. ट्रॅक्टरच्या एका चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत 3 फूट भरत असतील तर दोन ओळींत 5 फूट हवेत आणि वळायला दोन्ही टोकांना 10-12 फुटांची मोकळी पट्टी. ठिबकची नळी वरंब्यावर, रोपांच्या बुडाशी. सरीत ठेवली तर फणात गुंतते. लागवडीनंतर 20 दिवसांनी पहिली पाळी, 2 इंच खोल, रोपापासून 8 इंच दूर. भर लावायची ती महिन्याच्या सुमारास, काठ्या-तारा करण्याआधी. त्यानंतर ट्रॅक्टर आत घालू नका. मुळं तोवर सरीच्या दिशेनं पसरलेली असतात.

कांद्यासाठी विचारणाऱ्यांना: राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची रुंद गादीवाफ्याची पद्धत आहे, 120 सेंटिमीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर उंच वाफा, मध्ये 45 सेंटिमीटरची सरी. आपल्या छोट्या ट्रॅक्टरची चाकं एवढा वाफा मध्ये घेऊन चालत नाहीत, म्हणून वाफे पाडल्यावर पुढची खुरपणी हातानंच धरा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): शहराजवळ 20 गुंठे आहेत. परदेशातले जुने गार्डन ट्रॅक्टर एका फाळाच्या नांगरानं परसबाग नांगरताना व्हिडिओत दिसतात. तसा एखादा मागवावा का?

उत्तर: हौस म्हणून ठीक, कामासाठी नको. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टरनं 1961 मध्ये कब कॅडेट आणला, जॉन डिअरचा 110 हा 1963 चा. दोन्हींची सुरुवातीची इंजिनं 7 अश्वशक्तीची, एक सिलिंडरची, पेट्रोलवरची. तिकडच्या बऱ्याच बागांत माती पोयट्याची आणि हिवाळ्यात गोठून-वितळून आधीच भुसभुशीत झालेली असते. आपल्या काळ्या रानात तेवढ्या वजनाचं यंत्र चाक फिरवत जागेवर उभं राहील, आणि पट्टा तुटला तरी सुट्या भागासाठी महिनाभर वाट बघावी लागेल.

20 गुंठ्यांना जुना पॉवर टिलर पुरतो. केरळच्या कॅमकोचे आणि बंगळूरच्या व्हीएसटीचे टिलर बरीच वर्षं बाजारात आहेत, त्यांचे भाग मिळतात. जुनं यंत्र बघायला सकाळी, इंजिन थंड असताना जा. मालकानं आधीच चालू करून ठेवलं असेल तर ते बंद करायला लावून पूर्ण थंड होईपर्यंत थांबा. ऑइल भरायचं झाकण चालू इंजिनावर उघडा. तिथून भकाभका धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर भाराखाली थोडा येतोच, रिकामा असताना येऊ नये. ट्रॅक्टर असेल तर अवजार उचलून इंजिन बंद करा आणि पाच मिनिटं बघा, खाली बसू नये. पीटीओचे दाते बोटानं चाचपा. धार आलेली असेल तर भाव पाडा. आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का ते पैसे देण्याआधी बघा.

प्रश्न (माजलगाव, जि. बीड): एअर क्लीनरमधलं ऑइल किती दिवसांनी बदलावं?

उत्तर: दिवसांवर नाही, धुळीवर. कोरड्या रानात रोटाव्हेटर चालत असेल तर रोज संध्याकाळी एअर क्लीनरची ऑइलची वाटी उघडा. तळाला अर्धा इंच गाळ किंवा ऑइल घट्ट झालेलं दिसलं की टाकून द्या, वाटी डिझेलनं धुवा, इंजिनाचंच ऑइल खुणेपर्यंत भरा. खुणेच्या वर मुळीच नाही. जास्त झालेलं ऑइल इंजिन ओढून घेतं, तेच जाळून बेफाम पळतं आणि मग डिझेल बंद करूनही थांबत नाही. कमी असेल तर धूळ सरळ लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर). वाटी आणि मॅनिफोल्ड यांच्यामधला रबरी पाइप चिरला असेल तर वरच्या सगळ्या साफसफाईचा उपयोग शून्य, तो आधी बघा.